सिंगापूर ते हनोई, विमानाशिवाय: आधी सीमा ठरवा, मग तिकिटं

प्रश्न असा आहे: "सिंगापूरला उतरून हनोईपर्यंत फक्त रेल्वे आणि बसने जायचं आहे. हाताशी चौदा दिवस आहेत. सगळी तिकिटं घरूनच काढून ठेवावीत का? आणि सीमेवर गाडी आपल्यासाठी थांबते का?"

यातला दुसरा प्रश्न आधी घ्यायला हवा, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. सुमारे सव्वातीन हजार किलोमीटरच्या या वाटेवर एकच एक गाडी कुठेही नाही. चार सीमा आहेत: सिंगापूर-मलेशिया, मलेशिया-थायलंड, थायलंड-लाओस आणि लाओस-व्हिएतनाम. चारही ठिकाणी कारभार वेगळा चालतो. म्हणून मी वेळापत्रक उघडण्याआधी प्रत्येक सीमेबद्दल तीन गोष्टी लिहून काढतो. दोन्ही देशांची तपासणी एका छताखाली होते की दोन ठिकाणी? त्या वेळी सामान माझ्या हातात असतं की गाडीत? आणि माझं काम लांबलं तर गाडी थांबते की निघून जाते? तिसऱ्याचं उत्तर "निघून जाते" असेल आणि सीमेच्या दोन्ही अंगांना नियमित गाड्या असतील, तर तिकीट सीमेवर तोडायचं. इकडचं वेगळं, तिकडचं वेगळं.

तीन गोष्टींवर उत्तर बदलेल, त्या आधी सांगतो. पहिली, पासपोर्ट. तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी भारतीय धरतो. दुसरी, महिना. नोव्हेंबर-डिसेंबरात दक्षिण थायलंड आणि मलेशियाच्या पूर्व बाजूला मुसळधार पाऊस असतो. २०२५ च्या नोव्हेंबरात हात याई शहर पुराखाली गेलं होतं आणि उत्तर-दक्षिण जाणारी रेल्वेवाट नेमकी त्याच शहरातून जाते. तिसरी, लागोपाठ रात्री गाडीत काढायची तुमची तयारी. ती नसेल तर चौदा दिवस कमी पडतील असं नाही, पण मधल्या शहरांतला वेळ घटेल.

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा आधी लागतो. मलेशियाने तीस दिवसांची व्हिसामाफी २०२६ अखेरपर्यंत दिलेली आहे. थायलंडने २०२४ च्या जुलैत साठ दिवसांची सूट दिली, पण त्या देशाचे नियम वरचेवर हलतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. लाओसचा व्हिसा मुख्य नाक्यांवर पोचल्यावर मिळतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा मात्र आधीच हवा. त्यात एक खोच आहे, तिच्याकडे पुढे येतो.

सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड या तिघांनाही येण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा ऑनलाइन फॉर्म हवा असतो. थायलंडचा १ मे २०२५ पासून सुरू झाला आणि तो जमिनीवरून येणाऱ्यालाही लागू आहे. तीनही फॉर्म फुकट आहेत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते सरकारी नाही एवढं ओळखा. विमानाने जाणारा हा फॉर्म घरी बसून भरतो. तुम्हाला थायलंडचा फॉर्म वाटेतच भरावा लागेल, कारण तीन दिवसांची मुदत तुम्ही प्रवासाला लागल्यावर सुरू होते. म्हणजे वाटेत इंटरनेट आणि पुढच्या मुक्कामाचा पत्ता दोन्ही तयार हवेत.

आता पहिली सीमा. सिंगापूरच्या वूडलँड्सहून मलेशियातल्या जोहोर बाहरूला 'शटल तेब्राऊ' नावाची रेल्वे जाते, खाडी ओलांडायला तिला पाच मिनिटं लागतात. सिंगापूरहून जाताना दोन्ही देशांची तपासणी गाडीत बसण्याआधी वूडलँड्सलाच होते. पलीकडे उतरलात की सरळ बाहेर. परत येताना मात्र दोन ठिकाणी. तिकीट सिंगापूरहून पाच सिंगापूर डॉलर आणि उलट दिशेने पाच रिंगिट, आकडा तोच पण किंमत तिप्पट. शनिवार-रविवारची तिकिटं फार लवकर संपतात. शिवाय वूडलँड्सचं हे रेल्वेस्थानक म्हणजे त्याच नावाचं मेट्रोस्थानक नव्हे. मेट्रोतून उतरून बस पकडावी लागते. आरटीएस लिंक ही नवी सीमापार रेल्वे धावू लागली की शटल थांबवणार असं जाहीर झालेलं आहे, तेव्हा तारीख ठरवताना दोघींपैकी कोण चालू आहे ते पाहा.

शटल मिळाली नाही तर १७० किंवा ९५० क्रमांकाची बस. इथे "बस थांबते का" याचं उत्तर स्वच्छ "नाही" असं आहे, आणि तरी काही बिघडत नाही. सिंगापूरच्या नाक्यावर सगळं सामान घेऊन उतरायचं, तपासणी करायची, खाली येऊन त्याच क्रमांकाच्या पुढच्या बसमध्ये चढायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा सामानासकट उतरायचं. बसभाड्याचं कार्ड उतरताना आणि चढताना दोन्ही वेळा टेकवा. कागदी तिकीट असेल तर फेकू नका. मलेशियाच्या नाक्याची इमारत जोहोर बाहरू सेंट्रल स्थानकाला पादचारी पुलाने जोडलेली आहे. शुक्रवारी संध्याकाळी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना हा जेमतेम किलोमीटरभराचा पूल तास-तास खातो, म्हणून ही सीमा आठवड्याच्या मधल्या वारी आणि सकाळी उशिरा घ्यावी. सकाळी लवकर मलेशियातून कामाला येणाऱ्यांचा लोंढा असतो, पण तो उलट दिशेने.

एक गोष्ट नव्याने जाणाऱ्यांना घाबरवते. सिंगापूर २०२२ च्या एप्रिलपासून परदेशी पासपोर्टवर शिक्काच मारत नाही, मुक्कामाची मुदत ईमेलवर येते. तो ईमेल जपून ठेवा आणि शिक्का शोधत काउंटरवर परत जाऊ नका.

जोहोर बाहरूहून क्वालालंपूरला विजेवर चालणारी ईटीएस गाडी २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाली. त्याआधी इथे बसच बरी होती, आणि आजही ईटीएस भरलेली असेल तर लार्किन बसस्थानकाहून दर थोड्या वेळाने बस मिळते. चार-पाच तास लागतात. ईटीएसचं आरक्षण आधी करायचं असेल तर सीमा आणि गाडी यांत किमान तीन तास ठेवा.

दुसरी सीमा, पडांग बेसार, ही चौघींतली सगळ्यात सोपी. क्वालालंपूरहून ईटीएस साडेपाच तासांच्या आसपास इथवर आणते आणि मलेशियाची रेल्वे इथेच संपते. थायलंडची गाडी त्याच स्थानकात येते, आणि दोन्ही देशांची इमिग्रेशन स्थानकाच्याच इमारतीत आहे. आधी मलेशियाचा निर्गमन शिक्का, मग चार पावलांवर थायलंडचा प्रवेश. सामान हातात, रांग लहान.

एवढी सोपी सीमा असून लोक इथे दोन कारणांनी अडकतात. पहिलं, घड्याळ. मलेशिया थायलंडच्या एक तास पुढे आहे. मलेशियाच्या तिकिटावर मलेशियाची वेळ छापलेली असते, थायलंडच्या तिकिटावर थायलंडची, आणि फलाट मात्र एकच. उत्तरेकडे जाताना तास मिळतो, त्यामुळे चूक झालीच तर तासभर बसून राहण्यापलीकडे नुकसान नाही. दक्षिणेकडे येताना हीच चूक गाडी चुकवते. दुसरं कारण नावाचं. सीमेच्या थायलंडकडच्या बाजूलाही पडांग बेसार नावाचं छोटं थांबास्थानक आहे. आरक्षण करताना यादीत दोन्ही दिसतात. तुम्हाला मलेशियातलं, इमिग्रेशन असलेलं हवं.

इथून बँकॉकला थेट जाणारी स्लीपर गाडी दिवसाला एकच, संध्याकाळकडे सुटणारी. म्हणून क्वालालंपूरहून सकाळची ईटीएस घ्या. उशीर झालाच तर हात याई तासाभराच्या रस्त्यावर आहे आणि तिथून संध्याकाळी बँकॉककडे जाणाऱ्या आणखी गाड्या असतात. स्लीपरमध्ये खालचा बर्थ वरच्यापेक्षा रुंद असतो आणि खिडकी त्यालाच मिळते. वरचा स्वस्त, अरुंद, आणि वातानुकूलनाचा झोत थेट अंगावर. फरकाचे पैसे द्यावेत असं माझं मत आहे.

काही जण इथे रेल्वे सोडून एजंटकडून "दारापासून दारापर्यंत" मिनीव्हॅन घेतात. ती सदाओचा रस्त्यावरचा नाका वापरते. सीमेनंतर प्रवाशांची वाटणी दुसऱ्या गाड्यांत होते, छातीवर रंगीत स्टिकर लावतात आणि त्या स्टिकरवर तुमचं नशीब. पैसे आधीच दिलेले असल्याने थांबायची घाई कोणालाच नसते. सीमेवर तिकीट तोडा असं मी म्हणतो ते यासाठीच.

बँकॉकला लांब पल्ल्याच्या गाड्या आता जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकात येत नाहीत. त्या १९ जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकात हलल्या. ते मेट्रोच्या बांग स्यू स्थानकाला जोडलेलं आहे. हॉटेल जुन्या स्थानकाजवळ धरू नका. दक्षिणेकडून येणाऱ्या गाडीला दोन-तीन तास उशीर होणं नवलाचं नाही, म्हणून तिला त्याच दिवशीची पुढची गाडी जोडू नये. दोन रात्रगाड्यांमध्ये एक रात्र पलंगावर, एवढा नियम पाळा.

तिसरी सीमा मेकाँग नदी. २०२४ च्या जुलैपासून बँकॉकहून एक रात्रगाडी थेट लाओसच्या राजधानीपर्यंत, व्हिएन्टियानच्या खामसावात स्थानकापर्यंत जाते. सकाळी सीमेलगतच्या नोंगखाईला सगळे सामानासकट उतरतात, फलाटावरच थायलंडचा निर्गमन शिक्का घेतात आणि परत चढतात. गाडी थांबते, कारण पुढे जायला तिच्याकडे दुसरे प्रवासीच नसतात. मग मैत्री पूल ओलांडून लाओसची तपासणी आणि व्हिसा खामसावातला. मला ही गाडी आवडते त्याचं आणखी एक कारण आहे. थायलंडच्या प्रवेशावर "परतीचं तिकीट दाखवा" असं कोणी म्हणालं तर जमिनीवरून फिरणाऱ्याकडे विमानाचं तिकीट नसतं. बँकॉक-व्हिएन्टियान असं छापलेलं रेल्वेचं तिकीट थायलंडमधून बाहेर पडण्याचा पुरावा म्हणून हातात असतं. फक्त नोंगखाईपर्यंतचं तिकीट तसा पुरावा होत नाही, कारण नोंगखाई थायलंडातच आहे.

ती गाडी भरलेली असेल तर दुसरी स्लीपर नोंगखाईलाच संपते. तिथून टुकटुकने पुलाच्या नाक्यावर जा, शिक्का घ्या, पुलावरून ये-जा करणाऱ्या बसने पलीकडे, व्हिसा, आणि मग १४ क्रमांकाची शहर बस. नाका सकाळी ६ ते रात्री १०. उदोन थानीहून किंवा नोंगखाईहून व्हिएन्टियानला जाणारी आंतरराष्ट्रीय बस स्वस्त दिसते, पण तिच्यातले बहुतेक प्रवासी विनाव्हिसा जाणारे असतात. व्हिसाच्या काउंटरवर तुम्हाला अर्धा-पाऊण तास लागला तर ती तुमच्यासाठी खोळंबेल असं धरू नका.

लाओसच्या व्हिसासाठी एक फोटो, सहा महिने मुदतीचा पासपोर्ट, त्यात कोरं पान, आणि अमेरिकन डॉलरच्या स्वच्छ, न फाटलेल्या, न लिहिलेल्या नोटा. थाई बाथ घेतात, पण हिशेब तुमच्या तोट्याचा करतात. सुट्टीच्या दिवशी एखादा डॉलर जास्त लागतो, म्हणून सुटे ठेवा.

व्हिएन्टियानलाही स्थानकांच्या नावाचा घोळ आहे. थायलंडहून येणारी मीटर गेज गाडी खामसावातला येते. चीनकडे जाणाऱ्या १४३५ मिलिमीटर गेजच्या नव्या रेल्वेचं व्हिएन्टियान स्थानक वेगळं, शहराबाहेर आहे. दोन्ही रूळ एकमेकांना जोडलेले नाहीत, जोडले असते तरी गाडी चालली नसती. उत्तर लाओसमधल्या लुआंग प्रबांगला जायचं तर या दुसऱ्या स्थानकावर या. तिथे सामानाची तपासणी विमानतळासारखी होते. चाकू आणि स्प्रेचे डबे काढून घेतात, त्यात डासांचा स्प्रे आणि डिओडरंटही आलं.

चौथी सीमा सगळ्यात अवघड, आणि माझा वरचा नियम इथे उलटतो.

व्हिएन्टियान-हनोई स्लीपर बस संध्याकाळी निघते आणि जवळपास चोवीस तास घेते. नाम फाओ-काउ चेओ हा डोंगरातला नाका ती पहाटेआधी गाठते, आणि तो सकाळी सातच्या सुमाराला उघडतो. तोवर बस थंडीत उभी. उघडल्यावर लाओसच्या बाजूला शिक्का घ्यायचा, मधलं अंतर बहुधा पायी, मग व्हिएतनामची रांग, मग सामानाची तपासणी. हे सगळं वाचून वाटतं की बस सीमेपर्यंतचीच घ्यावी. तसं करू नका. पडांग बेसारला पलीकडे रेल्वे उभी असते, काउ चेओला पलीकडे घाट आणि तोंडाला येईल तो भाव सांगणारे गाडीवाले. पुढे नेणारं नियमित वाहन नसलेल्या सीमेवर तुमची बस हाच एक आधार असतो. तेव्हा बस धरून ठेवा आणि ती सोडून जाणार नाही याची सोय करा.

ती सोय म्हणजे चार साध्या गोष्टी. उतरायच्या आधी बसच्या नंबरप्लेटचा फोटो. मागेपुढे बसलेल्या दोघा-तिघांचे चेहरे ओळखीचे करून ठेवणं आणि रांगेत त्यांच्या जवळ राहणं. पैसे, फोन, कागदपत्रं अंगावर, डिकीत नाही. आणि व्हिसाचा छापील कागद पासपोर्टमध्ये घडी घालून, फोनमध्ये नव्हे. डोंगरात नेटवर्क जातं. बसचा मदतनीस सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करायला आला तर शक्यतो "मी स्वतः जातो" म्हणा. दिलाच तर परत मिळाल्यावर लाओसचा निर्गमन शिक्का आणि व्हिएतनामचा प्रवेश शिक्का, दोन्ही आहेत ना ते तिथेच बघा. एक शिक्का राहिला तर ते हनोईच्या विमानतळावर परतताना कळेल, आणि तेव्हा तो मारणारा अधिकारी चारशे किलोमीटरांवर असेल. शिक्क्याच्या नावाखाली थोडे पैसे मागतात. पावती मागून बघा. ती मिळत नसेल तर रक्कम किती आणि मागे बस किती वेळ उभी आहे, यावर निर्णय तुमचा.

आता ई-व्हिसाची खोच. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो नव्वद दिवसांपर्यंत मिळतो. पण फॉर्ममध्ये प्रवेशाचा नाका निवडावा लागतो आणि तो सरकारच्या यादीतलाच असावा लागतो. काउ चेओ त्या यादीत आहे. सवयीने हनोईचं नोई बाई विमानतळ निवडून मोकळे होऊ नका. तारीख हीसुद्धा सुरुवातीची तारीख असते. ११ तारखेपासून वैध असलेल्या व्हिसावर १० च्या रात्री नाक्यावर पोचलात तर वेळ आणि तारीख दोन्ही आड येतील. म्हणून सुरुवातीची तारीख ठरलेल्या दिवसाच्या दोन-तीन दिवस आधीची टाका. पासपोर्टवर नाव जसं आणि ज्या क्रमाने छापलं आहे, तसंच भरा.

या टप्प्यावर माझी शिफारस हनोईची नव्हे, तर हनोईच्या अलीकडच्या विन्ह या शहराची बस. नाका तोच, पण सीमेनंतर उतार उतरून विन्ह गाठलं की झोप काढता येते, आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने ३१९ किलोमीटर हनोई, साधारण सहा तास, दिवसाउजेडी. दोन दिवस जास्त असतील तर दुसरी वाट आहे. रेल्वेने दोन तासांत लुआंग प्रबांग, तिथून पहाटेच्या बसने ताय चांग नाक्यावरून व्हिएतनाममधलं दिएन बिएन फू, आणि पुढे हनोईची बस. वळणं जास्त आहेत, पण सीमा उजेडात ओलांडली जाते.

बँकॉकहून कंबोडियामार्गे सायगाव (हो चि मिन्ह सिटी) आणि तिथून रेल्वेने हनोई, ही वाट नकाशावर मोहक दिसते. २०२५ च्या जूनमध्ये थायलंडने कंबोडियाच्या सीमेवरचे नाके प्रवाशांसाठी बंद केले. ते उघडल्याची पक्की बातमी असल्याशिवाय त्या बाजूचं एकही तिकीट काढू नका.

तर तिकिटं. घरून काढावीत ती चार: शटल तेब्राऊ, क्वालालंपूर-पडांग बेसार ईटीएस आणि दोन्ही थाई स्लीपर. जोहोर बाहरूची ईटीएस सुट्टीचा दिवस असेल तरच. लाओस-व्हिएतनामची बस व्हिएन्टियानला पोचल्यावर, एक-दोन दिवस आधी. विमानाचं तिकीट मात्र येताना सिंगापूर आणि जाताना हनोई असंच काढा, परत खाली येण्यात अर्थ नाही.

चौदा दिवस मी असे लावीन. पहिला सिंगापूर. दुसऱ्या सकाळी सीमा आणि रात्री क्वालालंपूर. चौथ्या सकाळी पडांग बेसार आणि रात्रगाडी. पाच ते सात बँकॉक, सातव्या रात्री पुन्हा गाडी. आठ ते दहा व्हिएन्टियान, दहाव्या संध्याकाळी बस. अकराव्या रात्री विन्ह, बाराव्याला हनोई. तेरावा मोकळा. तो मधल्या शहरात खर्च करायचा मोह होईल, पण मोकळा दिवस विमानाच्या आदल्या दिवशीच हवा, कारण वाटेतला सगळा उशीर साठत साठत तिथेच येतो. व्हिएन्टियान सोडण्याआधी हातातले किप, म्हणजे लाओसचं चलन, संपवा. लाओसबाहेर ते कोणी घेत नाही.

चीनचा व्हिसा हाती असेल तर चौथी सीमा पूर्ण टाळता येते. व्हिएन्टियान-कुनमिंग ही सीमापार रेल्वे १३ एप्रिल २०२३ पासून चालते. लाओसचं बोतेन आणि चीनचं मोहान या दोन्ही सीमास्थानकांवर सामानासकट उतरावं लागतं, पण गाडी थांबते. कुनमिंगहून नाननिंग, आणि तिथून रात्रीची गाडी हनोईला. तो दीड-दोन दिवसांचा वळसा आहे. आणि नाननिंगची ती गाडी हनोईच्या मुख्य स्थानकात येत नाही. चिनी गेजचे रूळ नदीपलीकडच्या गिया लाम स्थानकापर्यंतच आहेत, म्हणून ती तिथे संपते. हॉटेलचा पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवायला कागदावर व्हिएतनामी भाषेत ठेवा.